शाकारणी

जावळी तालुक्याच्या पश्चिमेला, शिवसागर जलाशयावरच्या उतारावर एक सहा खणांचं घर आहे. त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत आणि घरात कोणी राहत नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी मागची भिंत बसली, पडवीचे वासे खाली आले. तेव्हा वाशी, घणसोली आणि साताऱ्यात विखुरलेली घरची माणसं एकत्र बसली आणि ठरलं की पाडायचं नाही, विकायचंही नाही, घर पुन्हा उभं करायचं. मधला भाऊ माझा कॉलेजातला मित्र. काम सुरू झाल्यापासून मी जमेल तसा जात राहिलो, गवंड्याशी, सुताराशी, शेजाऱ्यांशी बोलत राहिलो. वाडीचं नाव आणि माणसांची नावं लिहायची नाहीत एवढी एकच अट घरच्यांनी घातली.

डोंगरातलं जुनं घर घेऊन नटवायची सध्या हवा आहे. कास, बामणोली, तापोळा या वाटेवर दर वळणाला एखादी ‘कृषी पर्यटन’ची पाटी दिसते. मोबाइलवर आधीचा पडका वाडा आणि नंतरचा चकचकीत सोपा असे जोडफोटो फिरत असतात. नंतरचा फोटो बहुतेक नोव्हेंबरातला असतो. चार पावसाळे झाल्यावर त्याच घराचा फोटो कोणी टाकल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

पहिलं काम निघालं ते कागदाचं. आजोबांच्या मागे वारसांच्या नोंदी झाल्या, वाटप मात्र झालं नाही. दोन आत्या, त्यातली एक वारली म्हणून तिची मुलं, चुलत्यांची मुलं, अशी यादी वाढत गेली. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. गावाकडे अजूनही ‘बहिणींनी सह्या करून द्यायच्या असतात’ असंच धरून चालतात. इथेही हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होता. थोरल्या आत्यानं त्यावर सही करायला साफ नकार दिला. भावकीत चार दिवस कुरबुर झाली. माझ्या मते आत्याचंच बरोबर होतं, आणि घराच्या भल्याचंही. ते कसं, ते पुढे येईलच.

याच सुमाराला दोन एजंट येऊन गेले. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, हे १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३. त्यामुळे एजंटचा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ‘शेतकरी दाखला आहे का’ हाच असतो, आणि नसला तर कुठून काढायचा याचं उत्तरही त्याच्याकडे तयार असतं. ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थानाच्या आराखड्यात २३५ गावं घेतल्याची बातमी आल्यापासून इथला भाव बोलायच्या पलीकडे गेला आहे. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातलं झाडाणीचं जमीनखरेदी प्रकरण २०२४ साली राज्यभर गाजलं. अशा दिवसांत सतरा नावांचा सातबारा हे एका अर्थी घराला मिळालेलं संरक्षणच. सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं.

घराची मूळ जागा ही नव्हे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणात पाणी अडायला लागलं, त्याआधी हे घर खाली नदीकाठी होतं. गाव बुडणार हे नक्की झाल्यावर पणजोबांनी घर उतरवलं. खांब, तुळया, आढं, दारं, उंबरे, सगळं खुणा करून सुटं केलं, माणसांच्या खांद्यावरून वर आणलं आणि स्वतःच्या वरकस रानात पुन्हा जोडलं. आजही माजघरातल्या खांबांवर तासणीनं केलेल्या खुणा दिसतात, एक रेघ, दोन रेघा, फुली. घर असं उतरवता आलं, कारण त्याचा भार भिंतींवर नाहीच. ऐन आणि जांभळाचे खांब दगडी तळखड्यांवर उभे, त्यांवर तुळया, तुळयांवर वासे, आणि सांधे कुसवांचे, पाचर ठोकून घट्ट केलेले. भिंती नुसत्या आडोशाला. जोत्यापर्यंत काळा दगड, वर मातीचे भेंडे, आतल्या आडभिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा या बांधणीची परीक्षा झाली. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरची नव्या पद्धतीची बांधकामंही कोसळली. या घराच्या दोन भिंती बाहेरच्या अंगाला पडल्या, पण छप्पर खांबांवर तसंच राहिलं आणि आतली माणसं वाचली, असं घरात सांगतात. हे घडणं शक्य आहे, कारण दगडमातीची भिंत बहुधा दोन पदरांची असते आणि मधे चिपा भरलेल्या असतात. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड मधूनमधून नसेल तर धक्क्यानं पदर सुटतात. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यात हेच झालं, आणि तिथे भिंतींच्या डोक्यावर मातीच्या माळवदाचं ओझंही होतं. म्हणून या वेळी मागच्या भिंतीचा दगडी भाग नव्यानं रचताना गवंड्यानं दर चार-पाच फुटांवर आरपार दगड घातले. त्याला हे कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. ‘आमचा म्हातारा घालायचा, मधी आम्हीच कटाळा केला,’ असं तो म्हणाला.

घर पडायला लागलं ते मात्र भूकंपानं नव्हे. आजोबा मुंबईला दाणाबंदरात ओझी वाहायला गेले. जावळी, पाटण या पट्ट्यातली घरटी एक-दोन माणसं तेव्हा तिकडेच होती. पाटण तालुक्यातूनच आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, पगार, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना आला. मग बायकामुलं नेली. घाऊक बाजार वाशीला हलला तसं कुटुंबही खाडीपलीकडे गेलं. गावी यायचं ते यात्रेला, दिवाळीला आणि मे महिन्यात. पुढे मुलांच्या क्लासमुळे मे महिनाही तुटला. घर तिथून ढासळू लागलं.

कारण मे महिना म्हणजे शाकारणी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, तो पाचशेच्या आतबाहेर असतो. एवढ्या पाण्याखाली चार महिने उभ्या राहणाऱ्या घराचं छप्पर दर वर्षी उघडावं लागतं. कौलं काढायची, चाळायची, फुटकी बाजूला करायची, रिपा तपासायच्या, वाळवीची घरं खरवडायची, झाडाचा पाचोळा काढायचा आणि पुन्हा ओळीनं लावत यायचं. पश्चिमेच्या भिंतीला गवताची नाहीतर कारवीची झड बांधायची. घरामागचा चर मोकळा करायचा. जोत्याला सारवण. दहा-बारा दिवसांचं काम, आणि त्यातलं एकही अवघड नाही. फक्त ते मान्सूनच्या आधी व्हायलाच हवं.

ते तीन-चार वर्षं झालं नाही तर काय होतं? एक कौल सरकतं. पाणी रिपेवर ठिबकतं. रीप कुजते, वासा ओला राहतो, त्याचं टोक तुळईत बसलेलं असतं तिथे भुसा पडायला लागतो. खालून मातीच्या भिंतीच्या माथ्यावर पाणी पडतं आणि भिंत वरून विरघळत येते. बाहेरून पाहणाऱ्याला घर एकाएकी पडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते सात-आठ वर्षं पडत असतं.

यात चुलीचाही भाग आहे, हे मला सुतारानं दाखवलं. माजघरावरचे वासे काजळीनं काळे कुळकुळीत, आणि त्यांना कीड नाही. देवघराकडचे, जिथे धूर पोचत नव्हता, ते बोटानं दाबले तरी चुरत होते. चूल रोज पेटत होती तोवर लाकूड कोरडं राहायचं आणि धुरानं किडा लांब राहायचा. पावसाळाभर कुलूप असलेल्या घरात ऊबही नाही आणि धूरही नाही. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावतात आणि ते चालतंही. या घरातही नव्या वाशांना दोन हात दिले. पण बंद घराला ते पुरत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी या घराची एक दुरुस्ती होऊन गेली होती. तिची कथा सांगायला हवी, कारण ती अपवाद नाही, रीतच आहे. तालुक्याच्या गावच्या एका ठेकेदाराला काम दिलं. ‘पुन्हा बघायला नको असं करून द्या,’ एवढंच सांगितलं होतं. त्यानं तीन गोष्टी केल्या. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. घराभोवती सिमेंटचा कोबा घातला. आणि पडवीची कौलं काढून पत्रा घातला. पत्रा ठरावीक लांबीत मिळतो. जोड द्यायला लागू नये म्हणून त्यानं पागोळी फूटभर आत घेतली.

मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. पावसाळ्यात जमिनीतून चढलेली ओल दिवाळीनंतरच्या उन्हात बाहेर पडते. बाहेरून सिमेंट चढवल्यावर तिला वाट राहिली नाही. गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडल्या, त्यातून झडीचं पाणी आत गेलं आणि आतच राहिलं. कोब्याला उतार पुरेसा नव्हता, तेव्हा आखूड झालेल्या पागोळीचं पाणी जोत्याच्या अंगावर उडायला लागलं. गिलावा मात्र शेवटपर्यंत छान दिसत होता. भिंत आतून चिखल झाली आणि एका रात्री बसली, तेव्हा सिमेंटचं कवच अंगणात अखंड पडलेलं होतं.

सिमेंटवर माझा राग नाही. पाण्याची टाकी, संडास, न्हाणीघर हे त्यानंच करावं. हल्ली मातीच्या घरांवर इतकं गोड लिहिलं जातं की शेणानं सारवताना कंबरेचं काय होतं ते लिहिणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं. सारवायचं काम त्यांच्या घरात कोणी केलं असेल तर ते बायकांनी. पण मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवणं हा पैसे देऊन घर पाडायचा प्रकार आहे. या वेळी तो गिलावा सगळा उतरवला. भिंती एक पूर्ण उन्हाळा उघड्या ठेवल्या. मग जुन्याच भिंतीची पडलेली माती चाळून, भाताचा कोंडा आणि पेंढ्याचे तुकडे घालून, पायांनी तुडवून, आठवडाभर मुरवून भेंडे पाडले. जुनी माती फुकट जात नाही, हा या बांधणीचा मोठा गुण. लिंपणाच्या वरून चुन्याचा हात दिला.

सुतार मिळणं ही यातली सर्वांत कठीण गोष्ट होती. फर्निचर करणारे पुष्कळ आहेत. उभ्या घराला टेकू देऊन खांबाचं कुजलेलं बूड कापणारा आणि त्याला नव्या लाकडाचा सांधा देणारा माणूस या खोऱ्यात एकच उरलाय, तोही सत्तरीच्या घरात. त्यानं तुळईखाली जॅक लावला, पाव इंच उचलली, आणि सगळं घर कुरकुरलं. खालची दीड फूट लांबी कापून तिथे जांभळाचा तुकडा तिरक्या सांध्यानं बसवला. तळखडा पुन्हा सम केला. त्याच्या हाताखाली शिकायला त्याचा मुलगा नाही. तो पुण्यात गाडी चालवतो. नव्या लाकडासाठी झाडतोडीची परवानगी, वाहतुकीचा पास हे सगळं आलंच, म्हणून बरंचसं लाकूड शेजारच्या वाडीतल्या एका पडलेल्या घराचं विकत घेतलं. तिथेही वेळेवर पोचावं लागतं. नक्षीचे खांब आणि जुनी दारं उचलणारे व्यापारी या भागात वर्षभर फिरतात, आणि तो माल मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जातो. तिथून कुठल्या तरी हॉटेलात.

छपरावर घरात खरी भांडणं झाली. सगळ्यांना कौलं हवी होती. मंगळुरी कौल दिसायला हलकं वाटतं, पण एकेक अडीच किलोच्या आसपास, आणि शंभर चौरस फुटांना दीडशेएक लागतात. पंधराशे फुटांचं छप्पर म्हणजे पाच-सहा टन, भिजल्यावर जास्तच. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून हे कौल पश्चिम किनाऱ्यावर आणि मग घाट चढून वर आलं. त्याआधी इथे गवत आणि कुंभाराची नळीची कौलं होती. इतकी वर्षं टिकलेलं हे कौल आता जातंय ते पावसामुळे नाही, वानरांमुळे. शेती सुटली, रानं वाढली, गवे आणि डुकरं शेतात आली आणि वानरं घरावर. टोळी एकदा छपरावरून पळत गेली की वीस-पंचवीस कौलं फुटतात. फुटलेलं कौल त्याच दिवशी बदलायला घरात माणूस हवा. वाडीतल्या बहुतेकांनी याच कारणानं पत्रे घातले. पत्र्याखाली दुपारी भाजून निघतं आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही, पण कुलूप लावून जाता येतं. शहरातून येणारे लोक गाववाल्यांना ‘कौलं का काढलीत, किती सुंदर होती’ असं विचारतात, तेव्हा त्यांना एक जुलै तिथे ठेवावं असं मला वाटतं.

शेवटी मुख्य घरावर कौलं आणि मागच्या पडवीवर पत्रा असा तोडगा निघाला. कौलांखाली पातळ पत्र्याचा थर टाकायची सूचना धाकट्यानं केली होती. कौल फुटलं तरी आत गळू नये म्हणून. सुताराला ती पटली नाही. गळलं की कळतं तरी, पत्र्यावरून पाणी भलतीकडे जाऊन लाकूड कुजलं तर कळणारही नाही, असं त्याचं म्हणणं. मला त्याचं पटलं. पागोळी मात्र पुन्हा तीन फूट पुढे काढली.

धाकट्याची दुसरी सूचना जास्त महागात पडली असती. गाड्या लावायला घरामागचा उतार जेसीबीनं कापून सपाट करायचा. जेसीबीवाला तासाच्या दरानं तयारच होता. साताऱ्याच्या चुलतभावानं, जो स्वतः पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालाय, ते होऊ दिलं नाही. २२ जुलै २०२१ च्या सुमाराला महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला, आणि त्याच पावसात महाडचं तळिये, पाटणमधली आंबेघर आणि मीरगाव ही गावं दरडीखाली आली. २०१४ चं माळीण आणि २०२३ चं इर्शाळवाडी मिळवलं तर कोणाला समजावून सांगायची गरज उरू नये. दरडीची कारणं अनेक असतात, पण उताराचा पाय कापणं हे आपल्या हातातलं कारण आहे. घरामागे पणजोबांनी रचलेली दगडी ताल होती, बिनसिमेंटची. तिच्या फटींतून पाणी वाहून जातं, म्हणून ती साठ वर्षं पोट न काढता उभी आहे. तिच्यामागचा चर साफ केला, ढासळलेले दगड परत लावले. गाड्या खाली रस्त्यावर लागतात. सामान घेऊन पाच मिनिटं चढावं लागतं आणि पाहुणे त्याबद्दल बोलतात.

पाण्याचं गणित उलटं आहे. एवढा पाऊस पडूनही एप्रिलमध्ये हंडे घेऊन फिरायची वेळ येते. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे, त्यात पाणी मुरतं, आणि खालच्या चिकणमातीच्या नाहीतर कातळाच्या थरापाशी झऱ्यानं बाहेर येतं. जुनी घरं या झऱ्यांच्या जरा खाली आणि ओढ्यापासून बाजूला सापडतात. या घराचाही झरा होता. गाळानं बुजला होता. तो मोकळा करून झाकलेली टाकी बांधली, नळ घातला. संडासाचा शोषखड्डा झऱ्याच्या खालच्या अंगाला आणि दूर घेतला. यात लिहिण्यासारखं काही नाही, पण सगळ्या दुरुस्तीत घरातल्या बायकांनी पहिल्यांदा मागितलेली गोष्ट हीच होती, आणि ती झाल्यावरच त्या मुक्कामाला यायला लागल्या.

वाडीच्या मधोमध ग्रामदैवताचं देऊळ आहे. मुंबईकर मंडळानं वर्गणी काढून ते आरसीसीत बांधलं, ग्रॅनाइट बसवला, शिखर रंगवलं. त्याच्या भोवती चौदा घरं आहेत आणि त्यातली नऊ बंद. मंडळाच्या हिशेबाच्या वहीत मंडप, बँड, प्रसाद अशी खाती आहेत. वाडीतली बंद घरं शाकारायला दोन माणसं ठेवावीत, त्यांचा पगार वर्गणीतून द्यावा, असा विषय मित्रानं या वर्षीच्या बैठकीत काढला. कोणी विरोध केला नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

घराच्या कामावर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात साताऱ्यात एक छोटा फ्लॅट आला असता, हे भावांमध्ये अधूनमधून निघतंच. पर्यटकांना खोल्या द्याव्यात असंही एक मत आहे. दिल्या तर मला हरकत दिसत नाही. चूल पेटती राहील, माणसाचा वावर राहील. मात्र पर्यटक येतात नोव्हेंबर ते मार्चमध्ये, आणि घराला माणूस हवा असतो एप्रिल ते सप्टेंबरमध्ये. हा पेच कुठल्याही आर्किटेक्टच्या आराखड्यात सुटलेला मी पाहिलेला नाही.

इथे ती सही न करणारी आत्या येते. ती मेढ्याला एकटी असते. हिस्सा सोडला नाही म्हणून घरात तिची खोली आली, आणि खोली आली म्हणून ती गेल्या एप्रिलात राहायला आली. भाच्यांना वाटलं आठ दिवस राहील. ती श्रावणापर्यंत राहिली. तिनं चूल पेटवली, गॅस असूनही. वानरं आली की थाळी बडवली. दोनदा कौलं फुटली, दोन्ही वेळा शेजारच्या पोराला शिडी धरायला लावून त्याच्याकडून बदलून घेतली आणि त्याचे पैसे मोबाइलवर भाच्यांकडून वसूल केले. पश्चिमेच्या भिंतीला झड बांधताना भाच्यानं प्लॅस्टिकची ताडपत्री आणली, तर तिनं विचारलं, ‘आरं, त्याच्या आत भितीला वारा कुठनं लागंल?’ आणि ताडपत्री गोठ्यावर टाकायला लावली.

ती आता सत्तरीच्या पुढे आहे आणि तिच्यानंतर कोण, हे कोणी मोठ्यानं विचारत नाही. पण या दसऱ्याला भाऊ एकत्र जमले तेव्हा त्यांनी एक कागद केला. दर एप्रिलात प्रत्येक घरातून एका माणसानं आठ दिवस यायचं. नाही आला तर त्यानं मजुराचे आठ दिवसांचे पैसे द्यायचे. फुटकी कौलं बदलायला दोनशे जादा कौलं गोठ्यात रचून ठेवायची. पश्चिमेची भिंत अजून जुनीच आहे, तिचं मातीकाम डिसेंबरात काढायचं. सुताराला पुढच्या एप्रिलची उचल देऊन टाकली आहे, आणि त्यानं येताना सोबत एक शिकाऊ पोरगा आणावा, त्याची मजुरी वेगळी मिळेल, असं त्याला सांगितलं आहे. कागदावर सतरापैकी अकरा जणांच्या सह्या झाल्या आहेत. आत्याची सही सगळ्यात वर आहे.